स्टेशन कोणी बदललं?

मराठी घरात गाडी कोणती घ्यायची यावर वर्ष-दोन वर्षं खल होतो. रंगावर महिना जातो. पूजा कुठल्या देवळासमोर करायची यावर एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडते. हे सगळे प्रश्न कधी ना कधी सुटतात. नारळ फुटतो, चाकाखालची लिंबं चिरडली जातात, शेजारचे काका बॉनेटवर बोट फिरवत "ॲव्हरेज किती देते?" असं विचारून जातात. मग गाडी पहिल्यांदा गल्लीच्या तोंडाशी येते, कोणीतरी रेडिओ लावतं आणि गाडी भंगारात जाईपर्यंत न सुटणारा प्रश्न उभा राहतो: लावायचं कुठलं स्टेशन?

वाहनांच्या कायदे-नियमांत सीटबेल्टची सोय आहे, पीयूसीची आहे, नंबरप्लेटवरच्या अक्षरांच्या उंचीचीसुद्धा आहे. स्टेशन बदलण्याचा हक्क कोणाचा, याबद्दल मात्र कायदा गप्प आहे. त्यामुळे सगळा कारभार रूढीवर चालतो आणि रूढी घरागणिक वेगळी. एक मत असं, की हक्क चालवणाऱ्याचा. कारण त्याचा डोळा लागला तर सगळ्यांचंच संगीत एकदम थांबेल. दुसरं मत असं, की हक्क डाव्या सीटचा. कारण तिथल्या माणसाचे हात रिकामे असतात आणि रिकाम्या हातांना काम हवं. तिसरं मत मागच्या सीटवरच्या ज्येष्ठांचं. त्यांचा हक्क कोणी नाकारत नाही, कारण डाउन पेमेंटसाठी एफडी त्यांची मोडलेली असते. मागे मध्ये बसणाऱ्याला हक्कच नसतो. त्याच्या पायाखाली उंचवटा असतो आणि मांडीवर फराळाची पिशवी. त्याला कुठलंही स्टेशन चालतं, फक्त गाडी चालली पाहिजे.

आमच्या गाडीत चार पंथ आहेत आणि चौघांचेही अनुयायी कडवे आहेत.

पहिला विविध भारती पंथ. त्याचे पीठाधीश म्हणजे माझे सासरे, अप्पा. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. अप्पांचा जन्मही त्याच सुमाराचा. त्यामुळे तिच्यावर कोणी टीका केली, तर ती सख्ख्या बहिणीवर केल्यासारखी त्यांना लागते. या पंथाचं मुख्य तत्त्व असं, की गाणं निनावी वाजता कामा नये. चित्रपट कोणता, गायक कोण, गीतकार कोण, संगीत कोणाचं, हे सगळं विधिवत सांगूनच गाणं लागलं पाहिजे. अप्पांचा आनंद गाण्यात कमी आणि या घोषणेत जास्त. निवेदिका "संगीतकार" म्हणून क्षणभर श्वास घेते, तेवढ्यात अप्पांनी मागून नाव सांगितलेलं असतं. बरोबर आलं की ते आरशातून माझ्याकडे बघतात. चुकलं की म्हणतात, "बाईंच्या हातात कार्ड दुसऱ्याच गाण्याचं आलेलं दिसतंय."

फर्माईश करणाऱ्यांच्या नावांची यादी लागली, की आम्ही बाकीचे कंटाळतो. अप्पा ती भाविकतेने ऐकतात. या यादीमुळेच झुमरी तलैया हे गाव भारतभर माहीत झालं. आज ते झारखंडमध्ये, कोडरमा जिल्ह्यात आहे. एके काळी अभ्रकाच्या खाणींसाठी ते ओळखलं जाई, पण खाणींपेक्षा तिथल्या पोस्टकार्डांनी त्याचं नाव जास्त केलं. अप्पांची काशी झाली, रामेश्वर झालं. "आता एकदा झुमरी तलैया राहिलंय," असं ते अधूनमधून म्हणतात आणि सासूबाई खिडकीबाहेर बघतात.

सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, पंथ दुसरा: आकाशवाणी, पुणे केंद्र. मीडियम वेव्ह, ७९२ किलोहर्ट्‌झ. याच केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, वर्षभर चाललेली ५६ गीतं. आईंचं म्हणणं सरळ आहे. ज्या केंद्राने हे केलं, त्याने आता पुढची शंभर वर्षं काहीही ऐकवावं, आपण हात जोडून ऐकावं. त्यामुळे बातम्या असोत, हवामान असो, कापसाचे भाव असोत, त्या सारख्याच श्रद्धेने ऐकतात. मीडियम वेव्हची अडचण अशी, की वरून विजेच्या तारा गेल्या की खरखर होते, पुलाखाली गाडी शिरली की आवाज बुडतो. आई खरखरीसकट ऐकतात. लहानपणी वाल्व्हच्या रेडिओवर ऐकलेल्या बातम्या खरखरीतूनच यायच्या, त्यामुळे स्वच्छ आवाजातल्या बातमीवर त्यांचा तितकासा विश्वास बसत नाही.

तिसरा पंथ खासगी एफएमचा. प्रवर्तक आमची कन्या. तिचा सिद्धान्त असा, की स्टेशन ऐकायचं नसतं, फिरवायचं असतं. डायलवर ९१.१, मग ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशी शून्य पूर्णांक आठच्या अंतरावर जागा आखलेल्या आहेत. गाणं संपून जाहिरात सुरू झाली, की ती एक घर पुढे उडी मारते. तिथेही जाहिरात असते. मग आणखी एक उडी. तिथेही जाहिरात. सगळ्या वाहिन्यांनी आपसात ठरवून एकाच मिनिटाला जाहिराती लावलेल्या असतात, अशी तिची पक्की खात्री आहे. तीन उड्या मारून ती मूळ ठिकाणी परत येते, तेव्हा तिथलं गाणं संपत आलेलं असतं आणि ते नेमकं तिचं आवडतं असतं.

चौथा पंथ मौनाचा. त्यात एकटी माझी बायको आहे, पण तिचं एक मत बाकीच्या सगळ्यांना पुरून उरतं. "आधी ते बंद करा," एवढाच तिचा मंत्र. टोलनाका आला, बंद करा. फोन आला, बंद करा. पत्ता शोधायचा आहे, बंद करा. रेडिओ चालू असताना तिला घरांचे नंबर वाचता येत नाहीत. अप्पा, आई आणि कन्या या तिघांचं एकमत व्हायचं, तर ते फक्त हिच्याविरुद्ध होतं.

या भांडणाला कोणी पोरकट म्हणू नये. याचं घराणं मोठं आहे आणि मूळपुरुष साक्षात केंद्रीय मंत्री आहे, तोही मराठी. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीत हेच खरं संगीत, आणि सिनेमाच्या गाण्यांनी जनतेची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीने चित्रपटगीतांचा वाटा कमी केला. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून नावंही बंद झाली. निर्माते बिथरले, त्यांनी गाण्यांची परवानगी काढून घेतली आणि देशाच्या रेडिओवरून सिनेसंगीत नाहीसं झालं. देशाने काय करावं? देशाने मुकाट्याने सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. कोलंबोच्या शॉर्टवेव्हवरून १९५२ सालीच बिनाका गीतमाला सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री ८ वाजता अमीन सयानी आपल्या बहिणींना आणि भावांना साद घालू लागले. दात घासायची पेस्ट विकायला आलेल्या कार्यक्रमापुढे शास्त्रीय संगीताचा आग्रह टिकेना. पाच वर्षांनी सरकारला स्वतःची विविध भारती काढावी लागली.

यातून पहिला धडा मिळतो तो असा, की स्टेशन बदलण्याचा हक्क ज्याच्या हातात एकवटतो, त्याचे श्रोते दुसऱ्या देशात जातात. आमच्याकडे हे रोज घडतं. आईंनी मीडियम वेव्ह लावलं, की कन्या इअरफोन घालते. शरीराने ती हडपसरच्या सिग्नलला असते, मनाने सिलोनला.

अप्पांना हा इतिहास सांगितला, तेव्हा ते केसकरांवर भयंकर चिडले. "गाण्यांवर बंदी? माणूस आहे की काय!" म्हणाले. त्याच दमात ते नातीला म्हणाले, "तो धांगडधिंगा बंद कर आधी. अभिरुची म्हणून काही असते." प्रत्येक घरात एक केसकर असतो. मागच्या सीटवर असतो आणि स्वतःला सिलोनचा श्रोता समजतो.

आजोबा-नातीचा हा वाद ऐकण्यासारखा असतो.

"आजोबा, तुमच्या स्टेशनवर पण जाहिराती असतात."

"असतात. १९६७ पासून आहेत. पण त्या कशा, हळू येतात, नमस्कार करून जातात."

"आणि गाणीही तीच तीच."

"तीच तीच नाहीत, तीच आहेत. तीच असायला हवीत."

"मग आमचं एकच गाणं दर तासाला लागलं तर बिघडलं कुठे?"

अप्पा थोडा विचार करतात. "तुमचं अजून जुनं झालेलं नाही," ते म्हणतात, "चाळीस वर्षं लावा, मग बघू."

खासगी एफएमबद्दल माझंही थोडं म्हणणं आहे. पहिली खासगी वाहिनी २००१ साली बेंगळुरूत सुरू झाली आणि तिच्या मागोमाग शहरोशहरी बोलक्या मंडळींचा एक नवा व्यवसाय जन्माला आला. या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा. थोडक्यात, बातमी सोडून जगातल्या कुठल्याही विषयावर बोलण्याची त्यांना पूर्ण मुभा आहे आणि ती मुभा ते शेवटच्या सेकंदापर्यंत वापरतात. सकाळी ८ वाजता कोणाला तरी खोटा फोन करून त्याची फजिती केली जाते. ९ वाजता प्रेमभंगावर सल्ला दिला जातो. मध्ये ट्रॅफिकची खबर असते. "चांदणी चौकात गाड्यांचा वेग मंदावलाय," असं आर्जव करून सांगितलं जातं, तेव्हा आम्ही चांदणी चौकातच असतो आणि वेग मंदावलाय म्हणूनच ती खबर पूर्ण ऐकू शकलेलो असतो.

जाहिरातींत घरांचा सुकाळ. नदीकाठचं, टेकडीच्या कुशीतलं, हिंजवडीपासून 'अवघ्या काही मिनिटांवरचं' घर आधी मधाळ आवाजात वर्णन केलं जातं. मग शेवटच्या दोन सेकंदांत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि अटी-शर्ती अशा वेगाने म्हटल्या जातात, की आमच्या वेदपाठशाळेतले गुरुजीसुद्धा थक्क व्हावेत. आई त्या वेळी हात जोडतात. त्यांना ते संकल्पाचे मंत्र वाटतात आणि एका अर्थी ते आहेतच. वीस वर्षांच्या कर्जाचा संकल्प.

पण शहरातलं भांडण हे मतांचं भांडण. खरं रणकंदन पाहायचं, तर मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेला लागावं. तिथे भूगोल आणि पदार्थविज्ञानही भांडणात उतरतात.

घोळ असा आहे, की ९८.३ हा आकडा मुंबईतही आहे आणि पुण्यातही. ९१.१ दोन्हीकडे आहे, ९३.५ दोन्हीकडे आहे, ९४.३ दोन्हीकडे आहे. वाहिन्यांची नावंही तीच. फक्त बोलणारी तोंडं वेगळी. आता एफएम रिसीव्हरची रीत अशी, की एकाच आकड्यावर दोन केंद्रं आली, तर तो दोघांची खिचडी करत नाही. ज्याचा जोर जास्त त्याला वर घेतो आणि दुसऱ्याला दाबून टाकतो. सपाटीवर हा न्याय ठीक चालतो. पनवेलपर्यंत मुंबईचा जोर, तळेगावपासून पुण्याचा. घाटात मात्र दर वळणाला डोंगर आडवा येतो आणि दर वळणाला सत्तांतर होतं. एके दिवशी आम्ही खंडाळ्याकडे चढत होतो आणि रेडिओ म्हणत होता:

"सायन सर्कल पे पूरा जॅम लगा है, तो आप सब लोग—"

वळण.

"—लक्ष्मी रोडला येऊन पैठणी घ्या, कारण फक्त आज—"

वळण.

"—दोनों लेन बंद रहेंगे."

या ठिकाणी आमच्यात पाचवा पंथ उगवतो. माझा मेहुणा ठाण्याला असतो आणि सुट्टीत आमच्याबरोबर येतो-जातो. मुंबईचं स्टेशन लोणावळ्यापर्यंत टिकलं पाहिजे, अशी त्याची मागणी. अप्पांचं म्हणणं, पुण्याचं स्टेशन खोपोलीला लागलं पाहिजे. बाप-लेकांतला हा सीमावाद अजून कुठल्याही आयोगाकडे गेलेला नाही. मुंबईचा निवेदक वर आला, की मेहुणा विजयी मुद्रेने बाहेर बघतो. पुण्याची निवेदिका आली, की अप्पा म्हणतात, "आली, आली, हवा बदलली." मग बोगदा येतो. भाताण, माडप, आडोशी, खंडाळा, कामशेत, कुठलाही असो. आत शिरताच मुंबई-पुणे दोन्ही गप्प होतात आणि माझी बायको डोळे मिटून तृप्तीचा श्वास सोडते. या रस्त्यावर तिच्या पंथाचं राज्य तेवढ्याच लांबीचं आहे.

ज्येष्ठांच्या झोपेबद्दलही इथे नोंद केली पाहिजे. लोणावळ्याला वडे झाले, की अप्पांची मान खिडकीला टेकते. घोरणं नियमित होतं. कन्या चवड्यावर चालत जावं तशा हळुवारपणे बटणाला बोट लावते आणि मागून आवाज येतो, "ते ऐकतोय मी." डोळे मिटलेलेच असतात. झोपेतही ज्याला आपलं स्टेशन ओळखू येतं, तोच खरा श्रोता, हे मान्य करावं लागतं.

मेहुणा मात्र ऐकण्यापेक्षा कारवायांत पुढे आहे. हल्लीच्या गाड्यांत स्टिअरिंगवरच बटणं असतात. त्याच्या हातात गाडी दिली, की त्याचा डावा अंगठा त्या बटणावर विसावतो. रस्त्याकडे एकाग्र नजर, चेहऱ्यावर जबाबदार गृहस्थाचे भाव, आणि अंगठ्याने अलगद स्टेशन पुढे सरकलेलं. "अरे, स्टेशन कोणी बदललं?" अप्पा विचारतात. "रेंज गेली वाटतं, बाबा," तो हळहळतो. सांगोल्याच्या सपाट माळावर, जिथे दहा मैलांत डोंगर नाही, तिथेही त्याची रेंज जाते. हे मी डाव्या सीटवरून पाहिलंय. मी बोललो नाही. घराण्यांच्या शांततेसाठी जावयाला काही गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात.

आता प्रश्न असा, की एवढ्या वादात कुठलं स्टेशन सर्वांनी मिळून मनापासून ऐकलं? असं एक आहे. आमचं कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव, त्यामुळे माण तालुक्याकडे जाणं-येणं असतं. त्या बाजूला मोठ्या शहरांची एफएम संपतात आणि छोटी सामुदायिक केंद्रं भेटू लागतात. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, बारामतीला शारदा कृषी वाहिनी आहे. २००६ सालच्या धोरणामुळे सामाजिक संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना स्वतःचा रेडिओ काढता आला, त्यातून ही पिढी उभी राहिली. यांची ताकद केवढी? शंभर वॅटच्या बल्बएवढी. पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. त्यापलीकडे तुम्ही त्यांच्या जगात नसता.

असंच एक केंद्र एकदा वाटेत लागलं. कन्या फिरवता फिरवता त्यावर येऊन थांबली आणि का कोण जाणे, कोणीच "बदल" म्हणालं नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल कृषितज्ज्ञ बोलत होते. हा रोग जिवाणूंमुळे होतो, पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं, बागच्या बाग हातची जाते. गाडीत शांतता पसरली. आमच्यापैकी कोणाकडेही डाळिंबाची बाग नाही. बाल्कनीत तुळस आणि कोरफड आहे, त्यातलीही कोरफड खचलेली. पण अप्पा पुढे वाकले. आईंनी पिशवीची खसफस थांबवली. माझ्या बायकोने आवाज वाढवायला सांगितला, आणि ही घटना आमच्या घराण्याच्या बखरीत लिहून ठेवण्यासारखी आहे.

"छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी," तज्ज्ञ म्हणाले.

"बघ," अप्पा म्हणाले, "हेच लोक करत नाहीत."

"छाटलेल्या फांद्या बागेत पडू देऊ नयेत."

"आळस," आई म्हणाल्या.

"आता फवारणीचं वेळापत्रक सांगतो, नीट लिहून घ्या. बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी—" आणि तज्ज्ञांचा आवाज विरला. पल्ला संपला होता. कन्येने पुढे-मागे सगळं शोधलं. मेहुण्याने त्या दिवशी प्रामाणिकपणे अंगठा दूर ठेवला होता, हे मी पाहिलंय. "गाडी वळवा," अप्पा म्हणाले. शेवटी शिंगणापूरच्या आरतीची वेळ पुढे करून त्यांना थोपवलं. पण पायऱ्या चढतानाही चर्चा चालू होती: पहिली फवारणी छाटणीनंतर लगेच असेल की पालवी फुटल्यावर?

मी यावर नंतर बराच विचार केला. चार पंथ एका जागी का आले? कारण डाळिंबात कोणाचंच काही गुंतलेलं नव्हतं. विविध भारती लागली की अप्पा जिंकतात, म्हणजे बाकी सगळे हरतात. ९३.५ लागलं की नात जिंकते. तेल्या रोगात कोणीच जिंकत नव्हतं. आणि गंमत अशी, की कोणी तो लावलाही नव्हता. तो आपणहून भेटला होता.

रेडिओचं हेच तर वैशिष्ट्य आहे. माझी भाची एकदा आमच्याबरोबर होती. तिने फोन जोडला आणि म्हणाली, "मामा, रेडिओ कशाला? मी लावते, सगळ्यांच्या आवडीचं." तिने खरोखरच विचार करून यादी केली होती. दोन जुनी, दोन नवी, एक अभंग, एक नाट्यगीत. जाहिरात नाही, बडबड नाही, खरखर नाही. अर्ध्या तासात गाडीत कोणी कोणाशी बोलेना. कारण आवडलं नाही, तर बोलायचं कोणाला? भाचीला? पोरगी मनापासून लावतेय. अभंग लागला, तेव्हा कन्येने तोंड वाकडं केलं, ते आईंनी पाहिलं. नवं गाणं लागलं, तेव्हा अप्पांनी घशात आवाज काढला, तो भाचीने ऐकला. तिचे डोळे भरले. तेच गाणं रेडिओवर लागलं असतं, तर आम्ही सगळ्यांनी मिळून त्या अदृश्य निवेदकाचा उद्धार केला असता आणि एकमेकांना चिवडा पुढे केला असता.

रेडिओत दोष देण्यासाठी एक माणूस असतो आणि तो गाडीत बसलेला नसतो. मला वाटतं, त्याच्या पगाराचं हेच खरं कारण आहे.

रिक्षात बघा. घरच्या गाडीत ज्याला मीडियम वेव्हची खरखर सहन होत नाही, तोच माणूस स्वारगेटपासून कात्रजपर्यंत रिक्षावाल्याने लावलेलं काहीही निमूट ऐकतो. कानठळ्या बसवणारं रिमिक्स असलं, तरी मांडीवर ठेका धरतो. कारण तिथे वाद घालावा असं जवळचं माणूस नसतं. परक्याशी माणूस मीटरवरून भांडतो. स्टेशनवरून भांडायला नातं लागतं.

मेहुण्याला हे पटत नव्हतं. गेल्या दिवाळीआधी त्याने तोडगा काढला. दोन गाड्या न्यायच्या. एका गाडीत विविध भारती आणि आकाशवाणी, दुसरीत बाकीची जनता. ज्याला जे हवं ते ऐका, कटकट नको. सगळ्यांना कल्पना फार आवडली. दोन्ही गाड्या ठरल्या वेळी निघाल्या, दोन्हीकडे मनाजोगती स्टेशनं लागली, घाटात सीमावाद झाला नाही, बोगद्याची वाट कोणी पाहिली नाही. फूड मॉलला सगळे इतके प्रसन्न चेहऱ्याने उतरले, की टेबलाभोवती बसल्यावर बोलायला विषयच उरला नव्हता.

मग तो निघाला. अप्पांचा सदाशिव पेठेतला वाडा. तो बिल्डरला द्यायचा का, दिला तर कोणाला किती कार्पेट, तळमजला कोणाला, गच्ची कोणाची. रेडिओच्या जागी वर्षानुवर्षं दबून राहिलेला विषय वडा-सांबारच्या वाफेतून वर आला. मेहुणा एक बोलला, माझी बायको दोन बोलली. आई रडल्या. अप्पांनी मृत्युपत्राचा उल्लेख केला. परतीच्या प्रवासात दोन्ही गाड्यांतले रेडिओ बंद होते, आणि या वेळी मौनपंथालाही ते सुखाचं वाटलं नाही. भाऊबीज फोनवर झाली.

वाड्याचं अजून काही ठरलेलं नाही. ते लवकर ठरेल असंही नाही. पण कुठलं स्टेशन ऐकण्याच्या लायकीचं, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं: ज्याच्यावरून टोलनाक्यापासून टोलनाक्यापर्यंत भांडता येतं आणि उतरताना कोणाच्या नावावर काही करावं लागत नाही, ते. मग ते ९८.३ असो की ७९२.

पुढच्या महिन्यात पुन्हा शिंगणापूरला जायचं आहे. गाडी एकच न्यायची, हे दोन्ही घरांनी मान्य केलं आहे. अप्पांनी विविध भारतीचा आग्रह आत्ताच जाहीर केला आहे. कन्येने त्यावर लेखी हरकत घेतली आहे. आई तेल्याचं वेळापत्रक लिहून घ्यायला वही घेणार आहेत. आणि मेहुण्याने अगदी नम्रपणे कळवलंय, की जातानाही आणि येतानाही गाडी तोच चालवेल. बाकीच्यांनी आरामात बसावं.